चिवडा मऊ पडायचा, शेवटी असा जमला

आमच्याकडे भिशी असो नाहीतर हळदीकुंकू, पातळ पोह्यांचा चिवडा माझ्याकडेच असतो, पण दोन वर्षं झाली दुसऱ्या दिवशी मऊ पडायचा आणि मीठ सगळं डब्याच्या तळाशी. आधी वाटलं पोहेच सादळलेले असतील म्हणून दुकान बदललं, काही फरक नाही. मग लक्षात आलं की कढीपत्ता धुवून तसाच ओला फोडणीत जात होता, आणि वर घाई, गरम चिवडाच डब्यात भरून झाकण लावायचे, आत वाफ धरणारच ना!

आता कढीपत्ता आदल्या रात्रीच धुवून फडक्यावर पसरते. अर्धा किलो पोहे मंद गॅसवर कोरडेच भाजायचे, तेही दोन घाण्यांत, चिमटीत धरून चुरा झाला की बास (गॅस मोठा केला की आकसतात हं). शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, मिरची अगदी कडक होईपर्यंत तळते, मिरचीत ओल राहिली की परत तेच. गॅस बंद करून हळद, हिंग, आणि मीठ-साखर मिक्सरला बारीक करून घालते, त्यामुळे ते पोह्यांना नीट चिकटतं. मग पेपरवर पसरून पूर्ण गार. गेल्या आठवड्यातला डबा आठवा दिवस तरी कुरकुरीत आहे, म्हणजे जेवढा उरलाय तेवढा.