वारली चित्रावरची धूळ: पाणी नको, ब्रश घ्या

घोडबंदर रोडजवळ घर असलं की धूळ आलीच. बिनकाचेच्या कापडी वारली चित्रावर ती बसली की हात आपोआप ओल्या फडक्याकडे जातो. तेवढं टाळा. पारंपरिक चित्रात पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, खाली गेरू किंवा शेणाचा लेप. पाणी लागताच दोन्ही सुटतात.

१. पंखा बंद करून चित्र उतरवा, चादरीवर जरा तिरकं धरा.
२. मेकअपचा नवा, मऊ, कोरडा ब्रश वरून खाली अलगद फिरवा. घासायचं मुळीच नाही.
३. मागची बाजूही झाडा, कसर तिथेच लपते.

रंगाचा पोपडा सुटलेला दिसला तर तिथे ब्रशही लावू नका. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र परत टांगू नका.