लोमो साल्तादो घरी कसं करायचं: पेरू देशाचं बीफ, चिनी कढई

लोमो साल्तादो, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातलं कांदा-टोमॅटोबरोबर परतलेलं बीफ, करायचं तर आधी हाताची एक सवय सोडा, कांदा गुलाबी होईस्तोवर आणि टोमॅटो गळेस्तोवर परतायची. इथे दोन्ही करकरीत हवेत, मांस बाहेरून खरपूस आणि आत रसाळ हवं, आणि हे साधतं फक्त मोठ्या आचेवर.

ही आच पेरूत नेली चिनी मजुरांनी. १८४९ पासून पुढची पंचवीसेक वर्षं सुमारे एक लाख लोक, बहुतेक दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगकडचे, करारावर तिथे नेले गेले, उसाच्या नि कापसाच्या मळ्यांत, बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचं खत खणायला, आणि हाल असे की गुलामीच म्हणा. करार संपल्यावर बरेच जण राजधानी लिमात आले, मोठ्या मंडईजवळच्या कापोन गल्लीच्या आसपास राहिले, खानावळी काढल्या. त्यांची कढई आणि सोया सॉस, तिथलं बीफ, बटाटा आणि पिवळी आही मिरची, असं ते जमून आलं.

आता कृती, तीन-चार जणांसाठी. अर्धा किलो बीफ घ्या, अंडरकट मिळालं तर उत्तमच (लोमो म्हणजे तेच), धाग्याच्या आडवं कापून बोटाएवढे तुकडे करा, पुसून कोरडे करा, मीठ, मिरपूड, थोडं जिरं लावा. एक मोठा लाल कांदा जाड उभा चिरा, दोन घट्ट टोमॅटोच्या बिया काढून मोठ्या फोडी करा. आही मिरची नाही मिळाली तर पिवळी ढोबळी आणि एक हिरवी मिरची चालेल. एका वाटीत तीन चमचे सोया सॉस आणि दोन चमचे व्हिनेगर मिसळून हाताशी ठेवा, कारण एकदा सुरुवात झाली की शोधायला वेळ मिळत नाही. भात आणि बटाट्याचे फ्राइज आधीच तयार हवेत.

लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा, मग तेल, मग मांस, पण निम्मंच. सगळं एकदम टाकलं की कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि मांस भाजायच्या ऐवजी शिजत बसतं, ही चूक सगळ्यात जास्त होते. टाकल्यावर लगेच ढवळू नका, एका बाजूला रंग आला की मग उलटा, दीड-दोन मिनिटांत काढून घ्या. दुसरा घाणा तसाच.

त्याच कढईत कांदा आणि मिरची मिनिटभर, मग लसूण, टोमॅटो अर्धा मिनिट, मांस परत आत, आणि सोया-व्हिनेगर कढईच्या कडेने सोडा म्हणजे चुर्र होऊन खमंग वास सुटतो. रस पातळसरच राहू द्या, कॉर्नफ्लॉवर नको. गॅस बंद, भरपूर कोथिंबीर.

फ्राइज काही जण वरून ठेवतात, मला मात्र शेवटी कढईतच एकदा हलवून घेतलेले आवडतात, थोडा रस पितात. बाजूला पांढरा भात हवाच, बटाटा आणि भात एका ताटात ही तिथली खरी पद्धत. बीफ चालत नसेल तर चिकन घ्या, पेरूतही पोयो साल्तादो घरोघरी होतं, फक्त चिकन आतपर्यंत नीट शिजलंय ना ते बघा.