गोळ्यातलं गुलाबी धुकं

गोल बुडाच्या एक लिटरच्या बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) फ्लास्कपासून प्लाझ्मा गोळा, म्हणजे आत विजा नाचणारा काचेचा दिवा, बनवला. पंपाने हवा उपसून निऑन वायू भरला, जुन्या टीव्हीचा फ्लायबॅक (उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जोडला. पहिल्या रात्री आत केशरी विजा नाचल्या. चौथ्या दिवशी नुसतं जांभळट-गुलाबी धुकं. हा रंग नायट्रोजनचा, म्हणजे हवा शिरलेली. रबरी बूच काढून काचेची तोटी बसवली, सांध्यातून हवा शिरू नये म्हणून व्हॅक्यूम ग्रीस लावलं. गुलाबी गेलं, पण आठवड्यात विजा पुन्हा मलूल! काचेला चिकटलेली पाण्याची वाफ आत सुटत होती. मग पंप चालू ठेवून हीट गनने फ्लास्कचं पोट तासभर शेकलं, मान वाचवत, नाहीतर ग्रीस वितळतं. (गॉगल हवाच, निर्वात काच फुटली तर तुकडे चौफेर उडतात.) निऑन दोनदा भरून उपसला, तिसऱ्यांदा ठेवला. आता बोट टेकवलं की वीज तिथेच येऊन चिकटते.