स्वस्त प्रतिकृती घड्याळाची तबकडी आणि मशीन बदलताना

स्वस्त प्रतिकृती घड्याळांपैकी स्वयंचलित (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणाऱ्या) घड्याळांत बहुधा डीजी २८१३ हे चिनी मशीन, म्हणजे काटे फिरवणारी आतली यंत्रणा, असते. त्याची रचना जपानच्या मियोटा कंपनीच्या ८२०० मालिकेवर बेतलेली असल्यामुळे, ते बिघडल्यास त्याच्या जागी मियोटा ८२१५ बसवणे सर्वांत कमी त्रासाचे ठरते. सेइको समूहाचे एनएच ३५ हे मशीन हौशी मंडळींत अधिक लोकप्रिय असले, तरी त्याचा व्यास २७.४० मिमी व जाडी ५.३२ मिमी आहे, तर ८२१५ चा व्यास २६ मिमी व जाडी ५.६७ मिमी आहे. हा फरक किरकोळ वाटतो, पण त्यामुळे मशीनभोवतीचे कडे बदलावे लागते आणि चावीची दांडी केसच्या (घड्याळाच्या बाहेरील कवचाच्या) छिद्रासमोर नेमकी येत नाही. म्हणून मागचे झाकण उघडून मशीनवरील क्रमांक वाचल्याशिवाय आणि व्हर्नियर मापकाने तबकडीचा व्यास मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

नवी तबकडी निवडताना ती शक्यतो कोणतेही नाव नसलेली घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. दुसऱ्याचे बोधचिन्ह खोटेपणाने लावणे आणि तसा माल विकणे हा भारतात १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय निनावी तबकडीचे घड्याळ खऱ्या अर्थाने आपले होते. तबकडीच्या मागचे दोन पाय (मशीनमध्ये बसणाऱ्या बारीक खुंट्या) ८२१५ साठीच्या जागी आहेत ना आणि तारखेची खिडकी योग्य ठिकाणी येते ना, हे आधी पाहावे.

काम स्वच्छ, उजेडाच्या टेबलावर, डोळ्याला भिंग आणि बोटांना रबरी टोप्या लावून करावे. दांडी सोडवणारे बटण दाबून चावी अलगद बाहेर काढावी. बटण जोराने दाबल्यास आतील तरफ जागची सरकते. त्यानंतर मशीन धरून ठेवणारे स्क्रू काढून ते कड्यासह बाहेर घ्यावे. तबकडीवर पातळ प्लास्टिक ठेवून आधी सेकंद काटा, मग मिनिट आणि तास काटा दोन्ही बाजूंनी सारखा जोर देत उचलावा. तबकडीचे पाय कडेच्या बारीक स्क्रूंनी धरलेले असतील तर ते सैल करावेत आणि तबकडी सरळ वर उचलावी, कारण ती तिरकी ओढल्यास पाय तुटतात.

नवी तबकडी नव्या मशीनवर पक्की बसली की खरे कौशल्याचे काम सुरू होते. जुने काटे नव्या मशीनवर बसतीलच असे गृहीत धरू नये, कारण छिद्राच्या व्यासात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा फरक पडला तरी काटा सैल राहतो किंवा चिरतो. चावी वेळ लावण्याच्या स्थितीत ठेवून तारीख बदलेपर्यंत फिरवावी आणि ती बदलताक्षणी थांबून तास काटा बरोबर बारावर बसवावा. असे केले नाही तर तारीख भर दुपारी बदलू लागते. मिनिट काटाही बारावरच बसवावा. सेकंद काट्याचा दांडा अतिशय नाजूक असतो, तेव्हा काटा भिंगातून पाहतच दाबावा. मग काटे पूर्ण बारा तास फिरवून ते एकमेकांना, तबकडीवरील खुणांना किंवा काचेला कुठे घासत नाहीत ना, हे बाजूने पाहावे.

दांडी कापण्यात घाई मुळीच नको. नवी दांडी लांब येते. तिच्यावर चावी चढवून आणि मशीन केसमध्ये ठेवून चावी व केस यांच्यातील अंतर मोजावे, त्याहून थोडे कमीच कापावे आणि उरलेले कानशीने घासत पुनःपुन्हा लावून पाहावे, कारण आखूड झालेली दांडी वाया जाते. चावीचा आणि दांडीचा आटा एकच असल्याची खात्री कापण्यापूर्वीच करून घ्यावी.

काच आतून ब्लोअरने साफ करून, झाकणाच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस लावून घड्याळ बंद करावे. दाबाची चाचणी करून घेतल्याशिवाय, तबकडीवर काहीही लिहिलेले असले तरी, ते पाण्यात नेऊ नये.