भयपट घरी कसा पाहावा?

साताऱ्यात भयपट पाहायचा, तर अजिंक्यताऱ्यावर ढग उतरलेली आणि पन्हाळीचे पाणी अंगणातल्या पत्र्यावर टपटपणारी पावसाळी रात्र निवडावी. दिवे मालवावेत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि हेडफोन अवश्य लावावेत, कारण भीती डोळ्यांआधी कानांतून शिरते, असे माझे ठाम मत आहे. प्रारंभ १९४९ च्या ‘महल’पासून करावा, पुढे २००३ चा ‘भूत’ पाहावा, ज्यात गाण्यांची अडचण नाही. २०१८ चा ‘तुंबाड’ मात्र मोबाइलवर मुळीच पाहू नये. त्यातला पाऊस, वाड्यातला ओला अंधार आणि मिणमिणता उजेड यांच्या छटा छोट्या पडद्यावर एकमेकांत मिसळून जातात. चहा आधीच करून घ्यावा, म्हणजे मध्येच उठावे लागत नाही.