कल्पना सुचण्यासाठी संगीत कधी लावावे, कधी थांबवावे

सर्जनशील कामात आधी सुचतील तितक्या कल्पना गोळा कराव्या लागतात आणि नंतर त्यांतली एक निवडून तिला नेमका आकार द्यावा लागतो. संगीताची मदत होते ती मुख्यतः पहिल्या कामात, त्यामुळे आपण सध्या कोणते काम करत आहोत हे ओळखूनच संगीत लावावे.

२०१७ साली सिमोन रिटर आणि सॅम फर्ग्युसन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आनंदी, उत्साही संगीत ऐकणारे लोक अनेक कल्पना सुचवण्याच्या कसोटीत शांततेत बसलेल्यांपेक्षा सरस ठरले. एकच अचूक उत्तर शोधण्याच्या कसोटीत मात्र असा फायदा दिसला नाही. २०१९ सालच्या एका अभ्यासात तर तीन शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधताना पार्श्वसंगीताने, अगदी शब्दविरहित संगीतानेही, कामगिरी खालावली.

म्हणून विषय कागदावर मांडल्यावर मन प्रसन्न करणारी रचना मंद आवाजात लावावी आणि ती संपेपर्यंत सुचेल ते, बरेवाईट न ठरवता, लिहीत जावे. लेखन करणाऱ्यांनी गीते टाळावीत, कारण कानावर पडणारे शब्द मनात जुळणाऱ्या वाक्यांशी झगडतात. चित्रे काढणाऱ्यांना ही अडचण तितकीशी जाणवत नाही. रचनांची यादी आधीच तयार ठेवावी, नाहीतर गाणी निवडण्यातच वेळ जातो.

कल्पनाशक्तीला खास व्यायाम द्यायचा असेल, तर पूर्वी न ऐकलेले वाद्यसंगीत डोळे मिटून ऐकावे आणि त्यातून कोणते स्थळ, कोणती वेळ, कोण माणसे डोळ्यांसमोर येतात ते टिपावे. लय बदलली की त्या दृश्यात काय बदलते, हेही पाहावे. माझ्या मते कथेची बीजे बहुधा याच वळणांवर सापडतात.

स्वतः गाणे किंवा वाजवणे हा मला याहून मोलाचा मार्ग वाटतो. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन यांनी २००८ साली जॅझ पियानोवादकांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा उत्स्फूर्त वादनाच्या वेळी स्वतःवर देखरेख ठेवण्याशी संबंधित भागांतील हालचाल मंदावलेली दिसली. आपण निष्णात वादक नसलो, तरी कामाला बसण्यापूर्वी एखादी मनाची धून गुणगुणून पाहावी आणि ती चुकते की काय याची चिंता करू नये.

निवड, मांडणी आणि दुरुस्ती सुरू झाली की संगीत बंद करावे, आणि लिहिलेले एकदा शांततेत मोठ्याने वाचावे.