मॅटलॅबचे परवानाधारक टूलबॉक्स कसे बसवावेत, सक्रिय करावेत आणि तपासावेत

फौंड्रीतल्या भट्टीचा चार्ज, म्हणजे तिच्यात घालायच्या मालाचे मिश्रण, कमीत कमी खर्चात ठरवायचे असो, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीच्या नोंदींना वक्र बसवायचा असो, की अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचा प्रकल्प असो, मॅटलॅबसारख्या गणिती संगणनाच्या प्रणालीत हे काम प्रत्यक्षात मूळ प्रोग्रॅमपेक्षा त्याला जोडलेल्या टूलबॉक्सवर, म्हणजे विशिष्ट कामासाठीच्या फंक्शनांच्या संचावर, अवलंबून असते. मॅथवर्क्स या १९८४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कंपनीचा हा प्रोग्रॅम असून ऑप्टिमायझेशन, कर्व्ह फिटिंग, सिम्बॉलिक मॅथ, सिग्नल प्रोसेसिंग असे टूलबॉक्स ती स्वतंत्र परवान्यावर देते. मूळ मॅटलॅब चालते, पण टूलबॉक्स मात्र ऐन वेळी 'परवाना मिळाला नाही' असा संदेश देतो, ही अडचण अनेकांना येते. तिचे मूळ बहुधा एकच असते. टूलबॉक्सच्या फाइली डिस्कवर असणे आणि तो वापरण्याचा परवाना त्या संगणकाला व त्या व्यक्तीला मिळालेला असणे, या दोन स्वतंत्र बाबी आहेत. घरात मीटर बसला म्हणून वीजजोडणी मिळाली असे होत नाही, तसेच हे आहे. म्हणून या लेखात दोन्ही कामे वेगवेगळी सांगितली आहेत, आणि वाचकांनीही ती वेगवेगळीच करावीत.

आधी हाती काय आहे ते पाहावे

काहीही डाउनलोड करण्यापूर्वी मॅटलॅबच्या कमांड विंडोत व्ही, ई, आर ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. वरच्या ओळींत मॅटलॅबची आवृत्ती, परवाना क्रमांक आणि ऑपरेटिंग सिस्टिम दिसते आणि खाली बसवलेल्या टूलबॉक्सची यादी येते. यांतील आवृत्ती आणि परवाना क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. मॅटलॅबच्या आवृत्त्या वर्षातून दोनदा निघतात आणि त्यांची नावे 'आर२०२४ए', 'आर२०२४बी' अशी असतात. टूलबॉक्स मॅटलॅबच्या त्याच आवृत्तीचा असावा लागतो. 'ए' आवृत्तीच्या मॅटलॅबमध्ये 'बी' आवृत्तीचा टूलबॉक्स बसत नाही.

ही यादी केवळ बसवलेल्या गोष्टींची आहे, परवान्यांची नव्हे. परवाना पाहण्यासाठी 'लायसन्स' हे फंक्शन आहे. त्याचे स्पेलिंग अमेरिकन पद्धतीचे, म्हणजे शेवटी एस-ई असलेले आहे, आणि सी-ई लिहिल्यास ते फंक्शन सापडत नाही. या फंक्शनला 'टेस्ट' हा शब्द आणि टूलबॉक्सचे परवान्यातील नाव दिले की परवाना यादीत असल्यास १ आणि नसल्यास ० असे उत्तर येते. तेवढ्यावर विसंबू नये. 'टेस्ट'च्या जागी 'चेकआउट' लिहिले म्हणजे मॅटलॅब त्या क्षणी तो परवाना खरोखर मागून पाहते, आणि खरे उत्तर तेथेच कळते. परवान्यातील नाव पेटीवरच्या नावाप्रमाणेच असेल असेही नाही: 'स्टॅटिस्टिक्स अँड मशीन लर्निंग टूलबॉक्स' परवान्यात नुसता 'स्टॅटिस्टिक्स टूलबॉक्स' असतो, तर 'सिम्बॉलिक मॅथ टूलबॉक्स' हा 'सिम्बॉलिक टूलबॉक्स' असतो, आणि शब्दांमध्ये मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोअर घालावा लागतो.

परवाना कोणत्या प्रकारचा आहे

वैयक्तिक परवाना एका व्यक्तीच्या खात्याशी आणि तिच्या संगणकावरील लॉगिन नावाशी बांधलेला असतो. ठरावीक संगणकाचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. नेटवर्क परवाना सर्व्हरवर राहतो आणि ठरावीक संख्येने वापरकर्त्यांना वाटला जातो. संपूर्ण विद्यापीठ किंवा महाविद्यालयासाठी घेतलेल्या परवान्यात विद्यार्थ्याने संस्थेच्या ईमेलने खाते उघडून ते परवान्याशी जोडायचे असते. आपल्या संस्थेकडे असा परवाना आहे का, हे विभागाच्या संगणक प्रयोगशाळेत आधी विचारावे. ज्यासाठी विद्यार्थी स्वतःच्या खिशातून पैसे मोजायच्या तयारीत असतो, ते संस्थेने आधीच घेतलेले असू शकते.

मुदतीचाही विचार येथेच करावा. वार्षिक परवाना मुदत संपताच थांबतो. कायमचा परवाना थांबत नाही, परंतु त्याची देखभाल सेवा संपल्यावर नव्या आवृत्त्या वापरता येत नाहीत. त्यामुळे केवळ नवी आवृत्ती आली म्हणून कारखान्यातील चालू प्रणाली बदलायला घेण्यापूर्वी सेवेची तारीख पाहून घ्यावी.

फाइली बसवणे

इंटरनेट असलेल्या संगणकावर हे काम सोपे आहे. मॅटलॅबच्या होम पट्टीवरील 'ॲड-ऑन्स' उघडून हवा तो टूलबॉक्स निवडावा, किंवा त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर पुन्हा चालवून आपल्या खात्याने लॉगिन करावे, परवाना निवडावा आणि उत्पादनांच्या यादीत फक्त नवा टूलबॉक्स निवडावा. फोल्डर विचारले जाईल तेव्हा पूर्वीचेच फोल्डर द्यावे. दुसरे दिल्यास एकाच संगणकावर दोन मॅटलॅब तयार होतात आणि नवा टूलबॉक्स कोणत्या मॅटलॅबमध्ये गेला हेच कळेनासे होते. विंडोजमध्ये मॅटलॅब 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असते व तेथे लिहिण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो, म्हणून इन्स्टॉलर त्या अधिकाराने सुरू करावा. इन्स्टॉलर चालू असताना मॅटलॅब बंद ठेवावे. पावसाळ्यात वीज मध्येच जाण्याचा संभव असतो. तेव्हा डेस्कटॉप संगणक यूपीएसवर असल्याशिवाय मोठे इन्स्टॉलेशन सुरू न करणे बरे.

उद्यमनगर किंवा औद्योगिक वसाहतीतील अनेक यंत्रशाळांत गणनेचा संगणक मुद्दाम इंटरनेटपासून दूर ठेवलेला असतो. तेथे दुसऱ्या संगणकावर इन्स्टॉलरच्या प्रगत पर्यायांमधून 'न बसवता फक्त डाउनलोड' हा मार्ग निवडून फाइली पेन ड्राइव्हवर आणाव्यात. त्यानंतर कंपनीच्या संकेतस्थळावरील परवाना केंद्रात जाऊन संगणकाची ओळख व लॉगिन नाव भरावे. तेथून दोन गोष्टी मिळतात: फाइल इन्स्टॉलेशन की नावाची अंकांची लांब मालिका आणि परवान्याची फाइल. अंकांची मालिका हाताने लिहून घेऊ नये, फाइलमध्येच चिकटवून न्यावी. एखादा अंक चुकला तर इन्स्टॉलर पुढे जात नाही.

संगणकाची ओळख मिळवण्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हॉल सी:' लिहिल्यास सी ड्राइव्हचा सिरियल क्रमांक येतो आणि 'गेटमॅक' लिहिल्यास नेटवर्क कार्डांचे भौतिक पत्ते येतात. परवाना केंद्राच्या पानावर यांपैकी जे मागितले असेल तेच द्यावे. येथे दोन गोष्टींची दक्षता घ्यावी. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की त्याचा सिरियल क्रमांक बदलतो. आणि भौतिक पत्ता द्यायचा असल्यास तो मदरबोर्डवरील नेटवर्क कार्डाचा द्यावा, यूएसबीला लावलेल्या वायफाय डोंगलचा नव्हे, कारण डोंगल काढून दुसऱ्या टेबलावर नेला की परवान्याच्या दृष्टीने संगणकच बदललेला असतो.

सक्रिय करणे

मॅटलॅबच्या मदत मेनूतील 'लायसन्सिंग' या विभागात सक्रिय करणे, निष्क्रिय करणे आणि सध्याचे परवाने अद्ययावत करणे असे पर्याय असतात. जुन्या परवान्यात नवा टूलबॉक्स विकत घेतला असेल तर पुन्हा सक्रिय करण्याऐवजी अद्ययावत करण्याचा पर्याय वापरावा. संगणकावर पडून असलेली जुनी परवाना फाइल नव्या टूलबॉक्सला ओळखत नाही. पैसे भरले, फाइली बसल्या, तरीही टूलबॉक्स चालत नाही, याचे हेच सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. ऑफलाइन संगणकावर हेच काम परवाना केंद्रातून नवी फाइल आणून आणि ती सक्रियकरणाच्या खिडकीत दाखवून करावे.

वैयक्तिक परवान्यात लॉगिन नाव विचारले जाते, ते विंडोजमधील प्रत्यक्ष नाव असावे. खात्री नसल्यास कमांड प्रॉम्प्टमध्ये 'हू-ॲम-आय' ही तीन शब्दांची आज्ञा सलग, जागा न सोडता लिहावी. कंपनीत संध्याकाळच्या पाळीतील अभियंता स्वतःच्या लॉगिनने तोच संगणक उघडतो आणि परवाना चालत नाही, तेव्हा ती बिघाडाची गोष्ट नसते. परवाना त्याच्या नावाचा नसतो.

नेटवर्क परवाना असल्यास

नव्या टूलबॉक्सचा परवाना आधी सर्व्हरवरील फाइलमध्ये यावा लागतो आणि सर्व्हरला ती फाइल पुन्हा वाचायला लावावी लागते. वापरकर्त्याच्या संगणकावर कितीही इन्स्टॉलेशन केले तरी त्याने काही साधत नाही. वापरकर्त्याच्या फाइलमध्ये फक्त सर्व्हरचे नाव, त्याची ओळख आणि पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, असतो. हा पोर्ट सामान्यतः २७००० असतो. मात्र सर्व्हरवर 'एमएलएम' नावाची दुसरी प्रक्रियाही चालते व तिला पोर्ट नेमून दिलेला नसल्यास ती दर वेळी वेगळा पोर्ट घेते, त्यामुळे फायरवॉलमध्ये २७००० मोकळा असूनही जोडणी होत नाही. सर्व्हरच्या फाइलमध्ये तिच्यासाठीही कायमचा पोर्ट लिहून दोन्ही पोर्ट मोकळे करावेत.

प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट शिकवणे फार आवश्यक आहे. एखाद्याने टूलबॉक्समधील एक फंक्शन एकदा वापरले की तो परवाना त्याचे मॅटलॅब बंद होईपर्यंत त्याच्याकडेच राहतो. मॅटलॅब उघडे ठेवून जेवायला गेलेला एक विद्यार्थी दुसऱ्याचे प्रात्यक्षिक अडवू शकतो. आपल्याकडे कोणते परवाने धरलेले आहेत हे लायसन्स फंक्शनला 'इनयूज' शब्द देऊन कळते.

त्रुटीच्या संदेशातील उणे अंक पाहिला तर निम्मे काम होते. उणे ४ म्हणजे सर्व परवाने वापरात आहेत. उणे ५ म्हणजे परवाना फाइलमध्ये तो टूलबॉक्सच नाही. उणे ९ म्हणजे संगणकाची ओळख जुळत नाही, उणे १० म्हणजे मुदत संपली आहे, आणि उणे १५ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. मुदत शिल्लक असूनही उणे १० आल्यास संगणकाचे घड्याळ पाहावे.

खरोखर चालते का, याची चाचणी

सक्रिय झाल्याचा संदेश पुरेसा मानू नये. ज्याचे उत्तर हातानेही काढता येईल असे एक उदाहरण सोडवून पाहावे. फौंड्रीचेच घेऊ. १००० किलोचा चार्ज करायचा आहे. पिग आयर्न म्हणजे कच्च्या लोखंडात ४.२ टक्के कार्बन, पोलादी स्क्रॅपमध्ये ०.२ टक्के आणि आपल्याच रनर-रायझरच्या, म्हणजे ओतकामानंतर कापून काढलेल्या जादा धातूच्या, परतीच्या मालात ३.४ टक्के कार्बन धरू. एकूण कार्बन ३.४ टक्क्यांपेक्षा कमी नसावा आणि परतीचा माल जास्तीत जास्त ४०० किलो आहे. दर अनुक्रमे किलोला ४५, ३५ आणि २५ रुपये गृहीत धरू. वितळताना होणारी घट आणि कार्बुरायझर, म्हणजे कार्बन वाढवणारा पदार्थ, येथे सोडून दिले आहेत.

ऑप्टिमायझेशन टूलबॉक्समधील 'लिनप्रोग' या फंक्शनला पहिल्यांदा दरांची यादी द्यावी. हे फंक्शन असमानता फक्त 'पेक्षा जास्त नाही' या रूपात घेते, म्हणून कार्बनची अट उणे चिन्हाने द्यावी: उणे ४.२, उणे ०.२, उणे ३.४ आणि उजवीकडे उणे ३४०० (३.४ गुणिले १०००). त्यानंतर बेरीज १००० ही समानता, शून्य या खालच्या मर्यादा, आणि परतीच्या मालाची ४०० ही वरची मर्यादा द्यावी. इतर दोहोंसाठी वरची मर्यादा अनंत ठेवावी. प्रोग्रॅममध्ये अंक अर्थातच इंग्रजी लिहावेत. उत्तर पिग आयर्न ४८०, स्क्रॅप १२०, परतीचा माल ४०० किलो आणि खर्च ३५,८०० रुपये असे आले पाहिजे. हाताने पडताळा: ४०० किलो परतीच्या मालातून १३.६ किलो कार्बन येतो, उरलेला २०.४ किलो कार्बन ६०० किलोतून हवा, आणि ४८० व १२० या वाटणीत तो २०.१६ अधिक ०.२४ असा नेमका भरतो.

इतर कंपन्यांचे सॉल्व्हर जोडताना

गुरोबी किंवा मोसेक यांसारखे सॉल्व्हर, म्हणजे अशी इष्टतमीकरणाची गणिते सोडवणारे प्रोग्रॅम, मॅटलॅबला जोडता येतात आणि शैक्षणिक वापरासाठी दोघांचेही विनामूल्य परवाने मिळतात. त्यांचा परवाना मॅथवर्क्सच्या परवान्यापासून पूर्णपणे वेगळा असतो. गुरोबीची परवाना आणण्याची आज्ञा शैक्षणिक परवान्यासाठी महाविद्यालयाच्या नेटवर्कमधूनच चालवावी. घरच्या ब्रॉडबँडवरून संस्थेची ओळख पटत नाही. मोसेकची परवाना फाइल ईमेलने येते आणि ती आपल्या वापरकर्ता फोल्डरात 'मोसेक' नावाच्या उपफोल्डरमध्ये ठेवायची असते.

सॉल्व्हरचा फोल्डर मॅटलॅबच्या मार्गात, म्हणजे फंक्शने शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत, घातल्यावर तो मार्ग जतन करावा लागतो. सामान्य लॉगिनने तो बहुधा जतन होत नाही, कारण ती फाइलही 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असते. अशा वेळी मार्ग जोडण्याची ओळ 'स्टार्टअप' नावाच्या फाइलमध्ये लिहून ती आपल्या मॅटलॅब फोल्डरमध्ये ठेवावी. मोसेकच्या एका प्रकारच्या टूलबॉक्समध्ये त्याचे स्वतःचे 'लिनप्रोग' असते आणि ते मॅटलॅबच्या 'लिनप्रोग'ला झाकते. म्हणून 'विच' या आज्ञेने, शेवटी 'ऑल' हा पर्याय देऊन, कोणते 'लिनप्रोग' आधी सापडते ते पाहून मगच उत्तरांची तुलना करावी.

क्रॅक केलेल्या प्रती कारखान्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या संगणकावर अजिबात घेऊ नयेत. त्यांच्यासोबत काय आले हे कळत नाही, आणि त्यांतून निघालेल्या उत्तराची जबाबदारी कोणी घेत नाही. पैसे नसतील तर मॅटलॅबसारखीच विनामूल्य प्रणाली जीएनयू ऑक्टेव्ह मोकळेपणे वापरावी. वरील चार्जचे उदाहरण त्यातील 'जीएलपीके' या फंक्शनने कोणत्याही परवान्याविना सुटते.

संगणक फॉरमॅट करायचा, विकायचा किंवा त्याची डिस्क बदलायची ठरली की सर्वांत आधी लायसन्सिंग मेनूतून परवाना निष्क्रिय करावा, परवाना केंद्रात तो संगणक यादीतून गेल्याची खात्री करावी आणि परवाना फाइलची एक प्रत बाहेर काढून ठेवावी. संगणक अचानक बंद पडला आणि मेनूच उघडता आला नाही, तर परवाना केंद्रातून जुना संगणक काढून टाकावा आणि नव्या संगणकाची ओळख व लॉगिन नाव तेथे भरावे.